प्रीकास्ट इमारतींची सार्वजनिक कामे : कंत्राटदार नेमका कोणत्या टप्प्यावर ठरतो?

आरेखक

सिडकोने २०२२ साली बामणडोंगरी येथे ९६ दिवसांत ९६ सदनिकांची बारा मजली इमारत प्रीकास्ट पद्धतीने, म्हणजे काँक्रीटचे घटक आधी साच्यात ओतून मग जागेवर जोडून, उभी केली, तेव्हा चर्चा झाली ती वेगाची. असे काम करू शकणारा कंत्राटदार सार्वजनिक संस्था निवडतात कशा, त्यासाठी निविदेत कोणत्या अटी घालाव्या लागतात आणि त्या अटी लिहिणाऱ्या अभियंत्याला मोकळीक किती असते, यावर मात्र मराठीत फारसे वाचायला मिळत नाही. निविदा दस्तऐवज तयार करण्याच्या कामाशी माझा सल्लागार म्हणून बराच काळ संबंध आला आहे, म्हणून सुरुवात मी करतो. यार्डावर (जिथे हे घटक ओतले जातात तिथे), लेखा शाखेत किंवा विभागात काम केलेल्या सभासदांनी भर घालावी.

आपल्या सार्वजनिक बांधकामाची नेहमीची रीत बहुतेकांना ठाऊक आहे. विभाग स्वतः नकाशे करतो, बाबनिहाय परिमाणे काढतो, दरसूचीतील दर लावून अंदाजपत्रक मंजूर करून घेतो आणि बी-१ नमुन्यात निविदा काढतो. अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के कमी किंवा किती टक्के जास्त, एवढाच आकडा कंत्राटदाराने भरायचा असतो. काम कोणीही केले तरी ते तेच काम असणार आहे, फरक फक्त दराचा, असे या रीतीत गृहीत धरलेले असते. जागेवर शटरिंग लावून काँक्रीट ओतायचे असेल तर हे गृहीतक बऱ्यापैकी टिकते.

प्रीकास्टमध्ये ते टिकत नाही. पॅनेल, म्हणजे भिंतीचा किंवा स्लॅबचा एक तयार तुकडा, किती मोठे असावे हे क्रेन किती वजन उचलते यावर ठरते; क्रेन कोणती असावी हे भूखंडावर तिला फिरायला जागा किती आहे यावर ठरते; सांध्याची रचना त्या कंत्राटदाराच्या पद्धतीवर अवलंबून असते, आणि साचे एकदा बनले की नकाशात खिडकी सहा इंच सरकवणेसुद्धा महाग पडते. म्हणजे संकल्पन आणि उभारणी या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. विभागाने स्वतःच एखादी पद्धत ठरवून नकाशे केले, तर ती पद्धत ज्याच्याकडे आहे त्यालाच काम दिल्यासारखे होते. उलट 'कोणतीही मान्य पद्धत वापरा, आम्हाला अमुक गुणवत्तेच्या इतक्या सदनिका हव्यात' असे म्हटले, तर आलेल्या निविदा एकमेकींशी ताडून पाहणे कठीण होते, कारण प्रत्येकाची इमारत वेगळी असते.

माझे म्हणणे असे आहे की अशा कामात कंत्राटदार दराचा लिफाफा उघडण्याच्या कितीतरी आधी ठरलेला असतो. तो ठरतो 'समान स्वरूपाचे काम' या शब्दांच्या व्याख्येत. केंद्रीय दक्षता आयोगाच्या डिसेंबर २००२ च्या परिपत्रकातील निकष आजही बहुतेक निविदांचा पाया आहेत : मागील सात वर्षांत समान स्वरूपाची तीन कामे, प्रत्येकी अंदाजित किमतीच्या ४० टक्के, किंवा दोन कामे प्रत्येकी ५० टक्के, किंवा एक काम ८० टक्के. शिवाय मागील तीन वर्षांची सरासरी वार्षिक उलाढाल अंदाजित किमतीच्या किमान ३० टक्के. केंद्रीय लोकनिर्माण विभाग दोन कामांसाठी ५० ऐवजी ६० टक्के धरतो, बाकी सांगाडा तोच.

आता समजा काम २०० कोटींचे आहे. निविदाकाराला १६० कोटींचे एक, किंवा १०० कोटींची दोन, किंवा ८० कोटींची तीन कामे दाखवावी लागतील. 'समान काम म्हणजे बहुमजली आरसीसी इमारत' असे लिहिले, तर पात्र होणाऱ्यांची रांग लागेल, पण त्यांतल्या बहुतेकांनी कास्टिंग यार्ड बाहेरूनच पाहिलेले असेल. 'समान काम म्हणजे प्रीकास्ट पद्धतीची निवासी बहुमजली इमारत' असे लिहिले, तर देशात हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच कंपन्या उरतात, आणि मग वर्तमानपत्रात 'ठरावीक कंपनीसाठी अटी' असा मथळा येतो. टक्केवारी तीच, आयोगाचे परिपत्रक तेच. एका व्याख्येवर सगळे फिरते.

मला मधली वाट योग्य वाटते. मोठ्या रकमेचा अनुभव बहुमजली इमारतीचा मागावा आणि प्रीकास्टचा अनुभव वेगळा, लहान रकमेचा मागावा. तो सहयोगी भागीदाराकडून आला तरी चालावा, मात्र त्या भागीदाराची जबाबदारी संयुक्त आणि वैयक्तिक अशी दोन्ही असावी. यार्ड निविदेच्या दिवशी तयार असलेच पाहिजे अशी अट घालू नये. कार्यादेशानंतर ठरावीक मुदतीत ते उभे राहिले नाही, तर काय होईल हे मात्र स्पष्ट लिहावे.

दराबरोबर गुणवत्तेलाही गुण द्यावेत का, हा दुसरा मुद्दा. केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये काढलेल्या सूचनांनुसार, सक्षम प्राधिकाऱ्याने एखादे काम गुणवत्ताप्रधान म्हणून घोषित केल्यास बांधकामातही गुणवत्ता व दर यांचा एकत्रित विचार करता येतो. पण दराखेरीज इतर बाबींचे वजन ३० टक्क्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. ही सोय प्रत्यक्षात किती वापरली जाते, याबद्दल विभागात काम केलेल्यांकडून ऐकायला आवडेल.

मोजणीदार

आरेखक, धागा उत्तम आहे. मी शासकीय सेवेत अंदाजपत्रक शाखेत बराच काळ काढला आहे, तेव्हा शेवटच्या प्रश्नाला थेट उत्तर देतो : ती सोय कमी वापरली जाते, आणि त्याचे कारण अज्ञान हे नाही. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारली म्हणून लेखापरीक्षणात आक्षेपाचा परिच्छेद निघत नाही. दुसऱ्या क्रमांकाची निविदा तांत्रिक गुणांच्या आधारे स्वीकारली, तर ते गुण कोणी दिले, कशावरून दिले, समितीतील सदस्यांच्या गुणांत तफावत का, असे प्रश्न अधिकारी निवृत्त झाल्यावरही पाठ सोडत नाहीत. ज्याच्या सहीने काम जाते, त्याच्या डोळ्यांसमोर हे आधी येते.

न्यायालये मात्र समजतात त्यापेक्षा बरीच उदार आहेत. टाटा सेल्युलर प्रकरणापासून (१९९४) सर्वोच्च न्यायालयाची भूमिका अशी राहिली आहे की निर्णय कोणता घेतला यापेक्षा तो कसा घेतला हे न्यायालय तपासेल. नागपूर मेट्रोच्या ॲफकॉन्स प्रकरणात (२०१६) तर न्यायालयाने म्हटले की निविदा दस्तऐवज ज्याने लिहिला त्यालाच त्याचा अर्थ सर्वांत चांगला कळतो आणि त्याने लावलेल्या अर्थात मनमानी किंवा दुष्ट हेतू नसेल तर न्यायालयाने ढवळाढवळ करू नये. मग अडचण कुठे आहे, तर अटींमागची कारणमीमांसा नस्तीवर (फाइलवर) लिहून ठेवली जात नाही. प्रीकास्टचा अनुभव का मागितला, तितक्याच रकमेचा का मागितला, याची दीड पानांची टिप्पणी निविदा काढण्यापूर्वीच नस्तीत असेल तर पुढचे निम्मे वाद टळतात. नंतर लिहिलेल्या टिप्पणीला काही किंमत नसते.

तुमच्या मूळ मुद्द्याच्याही एक पायरी मागे जातो. कंत्राटदार व्याख्येत ठरतो असे तुम्ही म्हणता. मी म्हणतो, अनेकदा तो अंदाजपत्रकातच ठरतो. दरसूचीत पोकळ स्लॅब, प्रीकास्ट भिंत, तिची वाहतूक, उभारणी आणि सांध्याचे ग्राउट (सांध्यात ओतायचे पातळ सिमेंट मिश्रण) यांचे दर पूर्णपणे नसतात. मग शाखा अभियंता काय करतो? दोन-तीन उत्पादकांकडून दरपत्रके मागवतो आणि त्यांवरून दरपृथक्करण, म्हणजे दराची फोड, करतो. दरपत्रक देणारा उत्पादक त्याबरोबर तांत्रिक तपशीलही 'मदत म्हणून' देतो. पॅनेलची जाडी, सांध्याचा प्रकार, सळईच्या जोडाचे नाव, हे सगळे त्याच्या माहितीपुस्तिकेतून निविदेत उतरते. यात लाचलुचपत असतेच असे नाही. वेळ नसतो आणि माहिती दुसरीकडे मिळत नाही, इतकेच. पण परिणाम तोच होतो.

सी नमुना, म्हणजे ठोक रकमेची निविदा, हा प्रकार आपल्याकडे जुनाच आहे. पाण्याच्या टाक्यांसाठी तो वर्षानुवर्षे वापरला गेला : टाकीची क्षमता आणि उंची विभाग सांगतो, संकल्पन कंत्राटदार करतो. त्यामुळे संकल्पनासह काम देण्याची कल्पना परदेशातून आणण्याची गरज नाही.

साचेबंद

मी प्रीकास्ट कारखान्यात उत्पादन विभाग पाहतो. वर दोघांनीही पात्रतेवर लिहिले आहे. मी पैशांवर लिहितो, कारण कोण निविदा भरेल आणि कोण भरणार नाही हे आमच्या क्षेत्रात देयकाच्या अटी वाचून ठरते.

जागेवरच्या बांधकामात कंत्राटदाराचा खर्च कामाबरोबर वाढत जातो. आमच्याकडे पहिले पॅनेल साच्यातून निघण्याआधीच यार्डाचे सपाटीकरण, गॅन्ट्री (रुळांवरची क्रेन), बॅचिंग प्लँट, वाफेने काँक्रीट पक्के करण्याची व्यवस्था आणि पोलादी साचे यांवर पैसा गेलेला असतो. त्यानंतर काही महिने पॅनेले तयार होऊन यार्डात उभी राहतात, कारण पायाचे काम सुरू असते. नेहमीच्या करारात धावते देयक (काम चालू असताना टप्प्याने मिळणारे पैसे) निघते ते मोजमाप पुस्तिकेत जागेवर बसवलेल्या कामाची नोंद झाल्यावर. साहित्यावर सुरक्षित अग्रिम (आगाऊ रक्कम) मिळतो, पण तो 'कामाच्या जागेवर आणलेल्या' साहित्यावर. आमचे यार्ड तीस-चाळीस किलोमीटर दूर असते. कोट्यवधींची तयार पॅनेले तिथे उभी असतात आणि करारापुरते पाहिले तर ती अस्तित्वातच नसतात.

अशा निविदेत तीन गोष्टी घडतात. मोठी कंपनी व्याजाचा भार दरात घालते. मध्यम कंपनी निविदाच भरत नाही. तिसरा प्रकार वाईट असतो : काम मिळवायचे आणि मग पहिल्या टप्प्याला अवाजवी रक्कम लावून घेण्यासाठी विभागाच्या मागे लागायचे.

निविदा क्षमतेचे सूत्रही इथे फसवे ठरते. मागील वर्षांतील सर्वाधिक उलाढाल, गुणिले कामाची वर्षे, गुणिले दोन, वजा हातातील कामे, असे ते साधारणपणे असते. कंपनीची उलाढाल रस्त्यांच्या कामांतून आली असली तरी सूत्राला फरक पडत नाही. प्रीकास्टमध्ये विचारायला हवे ते असे की यार्डात रोज किती घनमीटर काँक्रीटचे घटक तयार होतात, त्यांतले किती आधीच दुसऱ्या कामांना बांधलेले आहेत, आणि साच्यांचे किती संच आहेत. हा तक्ता मागणाऱ्या निविदा मी फार थोड्या पाहिल्या आहेत.

उपाय कठीण नाही. यार्डात तयार झालेल्या, तपासणीत उत्तीर्ण झालेल्या आणि क्रमांक टाकलेल्या घटकांसाठी किमतीचा काही हिस्सा द्यावा, विमा उतरवून घ्यावा, मालकी संस्थेकडे आल्याचे बंधपत्र घ्यावे.

हिशेबनीस

साचेबंद यांची सूचना व्यवहार्य आहे, पण त्यातील शेवटच्या वाक्यावर विसंबून कोणी पैसे सोडू नयेत. कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली तर २०१६ च्या दिवाळखोरी संहितेच्या कलम १४ प्रमाणे वसुलीवर स्थगिती लागू होते, आणि त्या स्थगितीत कर्जदार कंपनीच्या ताब्यात असलेली मालमत्ता तिचा खरा मालकसुद्धा काढून नेऊ शकत नाही. पॅनेले कागदोपत्री तुमची असली तरी ती यार्डात आहेत, म्हणजे कंपनीच्या ताब्यात आहेत. प्रक्रिया चालू असेपर्यंत ती तिथेच राहतील, आणि दरम्यान तुमचा पाया पावसाळे पाहत बसेल.

म्हणून बंधपत्रापेक्षा बँक हमी भरवशाची. यार्डात दिलेल्या रकमेइतकी हमी घ्यावी आणि घटक जागेवर बसतील तशी ती टप्प्याटप्प्याने सोडावी. हमी देणारी बँक ही त्रयस्थ असते, त्यामुळे कंपनीवरील स्थगिती तिची हमी वटवण्याच्या आड येत नाही. हमीचे कमिशन कंत्राटदार दरात घालणार हे उघड आहे. पण ते कार्यशील भांडवलाच्या व्याजापेक्षा बरेच कमी असते.

ही भीती पुस्तकी नाही. ब्रिटनमध्ये मे २०२३ मध्ये लीगल अँड जनरल या विमा कंपनीने आपल्या मॉड्युलर घरांच्या कारखान्यातील उत्पादन थांबवले आणि पुढच्याच महिन्यात इल्के होम्स ही कंपनी दिवाळखोरीमुळे प्रशासकांच्या हाती गेली. दोन्ही कंपन्यांच्या मागे मोठे भांडवल होते आणि तिथले सरकार कारखान्यात बनणाऱ्या घरांना धोरण म्हणून प्रोत्साहन देत होते. कारखान्याचा स्थिर खर्च दर महिन्याला असतो आणि मागणी मात्र तुटक येते, हे गणित दोघांनाही जमले नाही. त्यामुळे निविदाकाराची आर्थिक तपासणी करताना उलाढालीपेक्षा कर्जाचा भार आणि हातातील मागणी किती महिने पुरेल हे पाहणे जास्त उपयोगाचे ठरते.

दूरदेशी

मी सिंगापूरमध्ये बांधकाम व्यवस्थापनात आहे. इथली पद्धत आदर्श म्हणून सांगत नाही, पण एक गोष्ट या चर्चेला उपयोगी पडेल. इथे तंत्राची पात्रता आणि कंत्राटदाराची निवड या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवलेल्या आहेत. संपूर्ण खोल्याच कारखान्यात तयार करून एकावर एक रचण्याची जी पद्धत आहे, तिच्या प्रत्येक प्रणालीला आधी इमारत व बांधकाम प्राधिकरणाची तत्त्वतः मान्यता घ्यावी लागते, आणि उत्पादकाच्या कारखान्याला वेगळे अधिस्वीकृतिपत्र लागते. हे एकदाच होते, कोणत्याही विशिष्ट निविदेशी त्याचा संबंध नसतो. निविदा येते तेव्हा मान्य प्रणालींची आणि अधिस्वीकृत उत्पादकांची यादी सर्वांसमोर असते. त्यामुळे तंत्र चांगले की वाईट हा वाद निविदा समितीपुढे येतच नाही. समितीसमोर दर आणि गुणवत्ता यांचे आधी जाहीर केलेले प्रमाण असते.

मात्र या व्यवस्थेच्या मुळाशी सातत्यपूर्ण मागणी आहे. गृहनिर्माण मंडळ दशकानुदशके प्रीकास्ट वापरत आले आहे, आणि २०१४ पासून सरकारी विक्रीच्या काही निवडक भूखंडांवर खोल्यांची पद्धत वापरणे सक्तीचे झाले. कारखानदाराला पुढच्या काही वर्षांचे काम दिसते, म्हणून तो यंत्रसामग्रीत पैसा घालतो. इथे योजनेचे नाव बदलले म्हणून मागणी आटली, असे होत नाही. एवढे एक सोडून बाकी सगळे उचलून आणले, तर काय होते याचे उत्तर हिशेबनीस यांच्या ब्रिटनच्या उदाहरणात आहे.

आरेखक

दूरदेशी, आपल्याकडेही पहिली पायरी वेगळी करण्याचा प्रयत्न झाला आहे. बीएमटीपीसी ही केंद्रीय संस्था नव्या बांधकाम तंत्रांना कामगिरी मूल्यांकन प्रमाणपत्र देते. २०१९ च्या जागतिक गृहनिर्माण तंत्रज्ञान आव्हानात ५४ तंत्रे निवडली गेली, त्यांचे सहा गट पाडले गेले आणि इंदूर, राजकोट, चेन्नई, रांची, आगरतळा व लखनौ अशा सहा शहरांत प्रत्येकी साधारण हजार घरांचे दीपगृह (लाइट हाउस) नावाचे नमुना प्रकल्प हाती घेतले गेले. म्हणजे आधी तंत्र, मग बांधणारा. चेन्नईच्या पेरुंबक्कममधील ११५२ घरांचे काम पुण्याच्या बी. जी. शिर्के कंपनीने प्रीकास्ट पद्धतीने केले. सहाही प्रकल्पांची पायाभरणी १ जानेवारी २०२१ रोजी एकाच दिवशी झाली. चेन्नईचे उद्घाटन मे २०२२ मध्ये, राजकोटचे ऑक्टोबर २०२२ मध्ये आणि लखनौ व रांची येथील प्रकल्पांचे मार्च २०२४ मध्ये झाले.

या तारखांवरून अमुक तंत्र वेगवान आणि तमुक मंद असा निष्कर्ष काढणे चूक होईल, कारण रांचीही प्रीकास्टच होते, महासाथ मध्ये होती आणि जमिनीचे प्रश्न प्रत्येक शहरात निराळे होते. पण शिर्के कंपनीचा पूर्वनिर्मित घटकांचा अनुभव १९७० च्या दशकापासूनचा आहे, याकडे दुर्लक्षही करता येत नाही. तंत्राचे प्रमाणपत्र हातात असणे आणि ते तंत्र रोज वापरणारी गवंड्यांची, क्रेनचालकांची, मुकादमांची फळी पाठीशी असणे यांत फरक आहे. पात्रता निकषांत उलाढाल दिसते, ही फळी दिसत नाही.

आपल्या देशाचा पहिला अनुभवही आठवण्यासारखा आहे. फाळणीनंतर निर्वासितांच्या घरांसाठी केंद्र सरकारने दिल्लीत गृहनिर्माण कारखाना काढला. गृहनिर्माण संचालक ओटो कोनिग्सबर्गर यांच्या पुढाकाराने हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या पॅनेलांची परदेशी पद्धत आणली गेली. पॅनेले तडकू लागली आणि तो प्रयोग गुंडाळावा लागला. कारखाना पुढे हिंदुस्थान हाउसिंग फॅक्टरी आणि नंतर हिंदुस्थान प्रीफॅब या नावाने इतर उत्पादने काढत राहिला.

सांगलीकर ठेकेदार

सर्वांचे लेखन अभ्यासपूर्ण आहे. मी लहान कंत्राटदार आहे. जिल्हा परिषदेची आणि नगरपालिकेची कामे करतो. इथली चर्चा दोनशे कोटींची चालली आहे, पण पूर्वनिर्मित बांधकाम आता आमच्या पातळीवरही आले आहे : अंगणवाडीची खोली, दवाखान्याची केबिन, शौचालयाचा संच, सुरक्षारक्षकाची चौकी. आणि तिथे निवडीची तऱ्हा आणखी विचित्र आहे.

अशी केबिन ही वस्तू आहे की बांधकाम, हे प्रत्येक कार्यालय आपापल्या सोयीने ठरवते. वस्तू म्हटली की ती खरेदीच्या नियमांत येते, जेम या सरकारी खरेदीच्या संकेतस्थळावरून घेता येते, तांत्रिक मंजुरीची लांबलचक वाट टळते. मग केबिन येते. पण तिच्याखालचा ओटा, नळजोडणी, मैलापाण्याची व्यवस्था आणि विजेची जोडणी हे बांधकाम राहते आणि त्याची वेगळी निविदा निघते. ओटा एकाने केला, केबिन दुसऱ्याने ठेवली, आणि दोघांच्या मध्ये जिथे पाणी शिरते ती फट कोणाच्याच करारात नसते. असे काम माझ्या वाट्याला आले तेव्हा ओट्याचा नकाशा केबिनच्या मापाशी जुळत नव्हता, आणि पुरवठादार माप बदलायला बांधील नव्हता. शेवटी ओटा फोडून पुन्हा केला. त्याचे देयक कोणत्या शीर्षाखाली काढायचे यावर कार्यालयात बराच खल झाला.

दुसरे म्हणजे बिलो, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा कमी भरलेला दर. आमच्याकडे वीस-पंचवीस टक्के बिलोने कामे जातात. खूप कमी दर भरणाऱ्याकडून अतिरिक्त सुरक्षा ठेव घेण्याचा नियम आहे, पण ज्याला काम हवेच आहे तो ती ठेवही भरतो. जागेवरच्या कामात बिलोचा तोटा सिमेंट, सळई आणि मजुरीत भरून काढणारे काढतात. प्रीकास्टमध्ये तो कुठून काढतील, हे जाणकारांनी सांगावे.

आणि अटी कडक करून तीनच कंपन्या पात्र ठेवल्या, तर त्या तिघांत रिंग (दर आपसांत ठरवून निविदा भरणे) होणार नाही याची हमी कोण देणार? तीस जणांची रिंग करणे अवघड असते, तिघांची एका जेवणात होते.

साचेबंद

सांगलीकर, तोटा कुठून काढतील याचे उत्तर : सांध्यातून. पॅनेल कारखान्यात बनते, तिथे काँक्रीटचे नमुना-घन तपासले जातात, सळई साच्यात बांधलेली दिसते. तिथे चोरी करणे कठीण आणि बिनफायद्याचे. पण उभारणीच्या वेळी दोन भिंतींमधील ग्राउट पूर्ण भरले की अर्धवट, सीलंट (फट बंद करणारा लवचीक पदार्थ) कोणत्या प्रतीचे वापरले, आधाराचे टेकू किती दिवसांनी काढले, हे उंचावर, घाईत आणि बहुधा उपकंत्राटदाराच्या माणसांकडून होते. एकदा भरल्यावर ते उघडून पाहता येत नाही.

रिंगबद्दल तुमचे म्हणणे खरे आहे, आणि माझ्याकडे त्याला समाधानकारक उत्तर नाही. स्पर्धा कायद्याने संगनमताची निविदा बेकायदा आहे, पण ते सिद्ध होईपर्यंत इमारत राहायला गेलेली असते. सहयोगी भागीदारीला वाव ठेवला, तर निदान पात्रांची संख्या वाढते.

नवी_मुंबईकर

मी तांत्रिक माणूस नाही. एका सार्वजनिक योजनेतील प्रीकास्ट इमारतीत सदनिकाधारक आहे. योजनेचे नाव घेत नाही. घर एकंदरीत चांगले आहे, भिंती सरळ आहेत, कोपरे काटकोनात आहेत. पण पश्चिमेकडील भिंतीत दोन पॅनेलांच्या जोडावर पावसाळ्यात ओल येते. तक्रार केली की संस्था कंत्राटदाराकडे बोट दाखवते, कंत्राटदार म्हणतो की सदनिकाधारकांनी वातानुकूलन यंत्रासाठी भिंतीला भोके पाडली म्हणून सांधे हलले. ताबा देताना कोणत्या भिंतीला भोक पाडायचे नाही हे आम्हाला लेखी कोणी सांगितले नव्हते. कंत्राटदार निवडताना या गोष्टींचा विचार कुठे होतो?

आरेखक

आपला प्रश्न या धाग्यातील सर्वांत महत्त्वाचा आहे. यंत्रासाठी पाडलेल्या भोकाने दूरच्या सांध्यातून पाणी यावे हे मला संभवनीय वाटत नाही. बाहेरच्या बाजूचे सीलंट आधी तपासून घ्या. भोकाचा प्रश्न वेगळ्या कारणाने गंभीर आहे. मोठ्या पॅनेलांच्या इमारतीत भिंतच भार वाहते. लंडनच्या पूर्व भागातील रोनन पॉइंट या बावीस मजली पॅनेल इमारतीत १६ मे १९६८ रोजी अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला, एक भिंत बाहेर फेकली गेली आणि तिच्या आधारावरचा संपूर्ण कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार माणसे मेली. स्फोट मोठा नव्हता. भिंती आणि स्लॅब यांचे जोड कमकुवत होते. त्यानंतरच एक घटक निकामी झाला तरी बाकीची इमारत उभी राहिली पाहिजे, ही अपेक्षा संहितांमध्ये ठळकपणे आली. आपल्याकडे पूर्वनिर्मित काँक्रीटसाठी आयएस १५९१६ ही संहिता आहे आणि राष्ट्रीय इमारत संहितेत स्वतंत्र विभाग आहे.

निवडीशी याचा संबंध असा : संकल्पन कंत्राटदाराचे असेल, तर त्याची फेरतपासणी आयआयटी किंवा व्हीजेटीआयसारख्या त्रयस्थ संस्थेकडून करून घ्यावी, तिचे शुल्क संस्थेने थेट द्यावे, आणि तपासणीत बदल सुचवले गेले तर वाढीव रक्कम मिळणार नाही हे निविदेतच सांगावे. कार्यादेशानंतर लगेच दोन मजल्यांचा नमुना उभारून त्याच्या सांध्यांवर पाण्याच्या फवाऱ्याची चाचणी घ्यावी. ती उत्तीर्ण होईपर्यंत पुढचे उत्पादन सुरू करू देऊ नये. दोषदायित्वाचा, म्हणजे दोष स्वखर्चाने दुरुस्त करण्याच्या जबाबदारीचा, कालावधी सांध्यांच्या गळतीसाठी इतर कामापेक्षा जास्त ठेवावा आणि तेवढ्यापुरती सुरक्षा ठेव रोखून धरावी. प्रत्येक सदनिकाधारकाला त्याच्या घराच्या भिंतींचा, भोक पाडण्याच्या जागा दाखवणारा नकाशा ताब्याबरोबर देणे ही कंत्राटाची बाब म्हणून लिहावी, म्हणजे तिचे पैसे अडवता येतात. हे सर्व निविदेत आधी लिहिले, तर स्वस्तात सांधे भरणारा स्वतःहून दर वाढवतो किंवा बाजूला होतो. नंतर अट घातली, तर तोच न्यायालयात जातो.

पेणकर

आमच्या नगरपरिषदेने प्रीकास्ट पद्धतीने घरकुले बांधण्याची निविदा काढली आहे आणि निविदापूर्व बैठक पुढच्या आठवड्यात आहे. मी नगरसेवक आहे, अभियंता नाही. वरील चर्चेतून प्रश्न बरेच मिळाले, पण बैठकीत ते विचारून काही बदलते का?

मोजणीदार

बदलते, पण विचारण्याची पद्धत महत्त्वाची आहे. बैठकीत तोंडी मिळालेल्या उत्तराला काहीही अर्थ नसतो. आपण निविदाकार नाही, त्यामुळे प्रश्न मुख्याधिकाऱ्यांना पत्राने द्या आणि बैठकीच्या इतिवृत्तात घ्यायला सांगा. तीन गोष्टी पुरेत : समान कामाची व्याख्या अशीच का ठरवली, याची टिप्पणी नस्तीत आहे का, यार्डातील घटकांचे देयक कसे निघणार आणि त्यासाठी कोणती हमी घेतली जाणार, आणि संकल्पनाची त्रयस्थ तपासणी कोणाकडून होणार. ज्या उत्तरामुळे अटीत फरक पडतो ते शुद्धिपत्रकाने संकेतस्थळावर प्रसिद्ध झाले, तरच ते कराराचा भाग बनते. शुद्धिपत्रक निघाले तर निविदा भरण्याची मुदत वाढवायलाही सांगा, कारण बदललेल्या अटींवर नव्याने हिशेब करायला प्रीकास्टवाल्याला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो. क्रेन आणि साच्यांची दरपत्रके त्याला पुन्हा मागवावी लागतात.

अंदाजपत्रकासाठी दरपत्रके कोणाकडून घेतली, हेही पत्रात विचारा. उत्तर आले की निविदाकारांच्या यादीशी ताडून पाहा.